पाचव्या गाण्यातली जागा

१

गाडीत नवा वूफर बसवला की दारव्ह्यातले बाकीचे फिटर कानठळ्या बसवणारं डीजेचं गाणं लावतात. डिकीचा पत्रा थरथरला की गिऱ्हाईक खूश आणि फिटर मोकळा. मी तसं करत नाही. पत्रा काय, डब्यात खडे टाकले तरी वाजतो. बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, नीट बसला की नाही हे हळू गाण्यातच कळतं, जिथे एक सूर सुटून दुसरा येईपर्यंत कानाला वेळ मिळतो. गेल्या दिवाळीपासून त्यासाठी माझ्याकडे एक अल्बम आहे.

एका गुरुजींनी जुनी गाडी विकत घेतली आणि तिच्यातला बिघडलेला टेप बदलायला माझ्याकडे आणली. त्या टेपमध्ये एक पेन ड्राइव्ह अडकून पडला होता. गुरुजी म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच. आत एकच फोल्डर, नऊ गाणी, गाण्यांना नुसते आकडे. वाजवणाऱ्याचं नाव नाही, कंपनीचं नाही. गाणी ओळखून देणारं मोबाइलमधलं ॲप लावून पाहिलं, तर त्यानेही हात टेकले.

असलं संगीत मी आधी ऐकलं नव्हतं. पुढे व्हिडिओ पाहून कळलं की याला डाउनटेम्पो म्हणतात, आणि त्यातला हा फंकचा प्रकार. फंक म्हणजे खरं तर नाचायचं संगीत. पण हे दुपारी पोटभर जेवून, पंख्याखाली आडवं पडून कुणीतरी वाजवल्यासारखं होतं. बेस पुढे चालायचा, ड्रम त्याच्या मागून रेंगाळत यायचे, आणि मधूनच एखादी गिटार दोन सूर वाजवून गप्प व्हायची. मान आपोआप हलायची, पाय मात्र उठायचे नाहीत. ऐकताना थोडं उदास वाटायचं आणि ते उदास वाटणं सोडवत नसे. मला सगळ्यात आवडायच्या त्या मधल्या मोकळ्या जागा. दोन-दोन ताल सगळं थांबायचं, काहीच वाजायचं नाही, आणि आपण वाट पाहत राहायचो.

शेजारच्या गॅरेजवाल्या फिरोजला हे अजिबात पटत नसे. "अबे इंदर, हे गाणं हाय का अंगाई? गिऱ्हाईक स्टेअरिंगवर झोपून जाईन ना," तो म्हणायचा. पण पाचवं गाणं लागलं की हातातला पाना तसाच धरून उभा राहायचा, हेही मी पाहिलं आहे.

मी इंद्रजीत आडे. दुकान दारव्ह्यात, घर आठ किलोमीटरवरच्या आमच्या बंजारा तांड्यात. घरात मी आणि माझी याडी, म्हणजे आई, सुखीबाई. सात वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण ममता राजूरच्या कोळसा खाणीत कामाला असलेल्या संजयबरोबर निघून गेली. मुलगा परजातीचा. बापूंनी, म्हणजे वडिलांनी, तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं बजावलं, आणि दोन वर्षांनी ते स्वतःच गेले. नाव न घेणं मात्र मागे राहिलं. याडीचं बोलणं त्यातच आटत गेलं. जेव, आलास, झोप, एवढे तीन शब्द ती दिवसाला बोलायची, आणि मला त्या तीन शब्दांची भीती वाटायची, कारण उद्या दोन होतील असं वाटायचं.

२

पाचव्या गाण्यात काहीतरी आहे, हे मला फेब्रुवारीत एका बोलेरोत बसून कळलं. स्पीकर चांगले होते, काचा बंद होत्या. गाणं मध्यावर आलं, सगळं थांबलं, आणि त्या मोकळ्या जागेच्या आधी डाव्या स्पीकरमधून एका बाईने श्वास आत घेतल्याचा आवाज आला. पाठोपाठ लांब, कापरा स्वर. शब्द नव्हते. तो स्वर उतरत गेला आणि तुटला. मग दोन ताल शांतता, आणि पुन्हा बेस.

फिरोजला बोलावून ऐकवलं.

"बाई रडून राह्यली," तो सहज म्हणाला. "त्यात काय? विलायतेतले लोक कुठचाबी आवाज उचलतात अन् गाण्यात टाकतात."

"याच्या आधी ऐकू आलतं तुले?"

"याच्या आधी कुठं लक्ष देऊन ऐकलं बावा मी!"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मीही इतके दिवस बेसच ऐकत होतो. पण मला जे खटकलं ते फिरोजला कळणं शक्य नव्हतं, कारण तो आमच्या तांड्यात वाढलेला नाही.

आमच्याकडे लग्नात नवरी प्रत्येकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. तो असाच येत नाही, शिकावा लागतो, आणि आमच्या तांड्यात तो शिकवायची माझी याडी. लग्न ठरलं की महिनाभर आधी पोरी संध्याकाळी आमच्या अंगणात बसायच्या. पुढे लेक माहेरी आली की तीही दारात आधी ढावलो धरते, पाणीबिणी नंतर. घरातल्या बाईने हातातलं काम टाकून बाहेर यायचं, तिच्या गळ्यात पडायचं आणि तिच्या ओळीला आपली ओळ जोडायची. जिने धरला तिला एकटीला रडत ठेवायचं नाही. भांडण असो, वैर असो, ढावलोला उत्तर द्यायचंच. याडी पोरींना सांगायची, उत्तराइतकी जागा ठेवून थांबा.

पाचव्या गाण्यातली ती बाई बरोबर तेवढी जागा ठेवून थांबत होती.

मी लॅपटॉपवर गाणं उघडून पाहिलं. पाच मिनिटं अकरा सेकंद. जगात रडणाऱ्या बायका पुष्कळ, आणि थांबल्याशिवाय श्वास कुणालाच घेता येत नाही, असं म्हणून लॅपटॉप बंद केला.

३

माझं दुकान बुधवारी बंद असतं. त्या दिवशी मी घरी स्वतःच बांधलेल्या मोठ्या स्पीकरांवर तो अल्बम लावला. मुद्दाम लावला का? आज मला तसंच वाटतं, पण तेव्हा मी स्वतःला सांगितलं की स्पीकरांची वायर तपासायची आहे.

याडी दारापाशी बसून तूर पाखडत होती. पहिली चार गाणी तिच्या सुपाच्या आवाजातच गेली. पाचवं लागलं. ती बाई रडली, थांबली, आणि सूप थांबलं. याडीने मान वर केली नाही. पुढच्या वेळी बाई थांबली तेव्हा त्या रिकाम्या जागेत याडीने उत्तर दिलं.

सात वर्षांनी मी तिचा गातानाचा आवाज ऐकला, आणि मला रडू कोसळलं. ते मी लपवलंही नाही. आवाज जरा खरखरीत झाला होता, पण सुरात होता, आणि बेस पुन्हा सुरू झाला तो नेमका तिची ओळ संपल्यावर. गाणं संपल्यावर तिने डोळे पुसले, सूप उचललं आणि म्हणाली, "लाव पुन्हा." घरात आम्ही आमची बंजारा बोली, गोरबोलीच, बोलतो, ती सगळ्यांना कळणार नाही म्हणून मी इथे मराठीत सांगतो आहे.

मी पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला जाण्याआधी लावलं. मग कोणतं बटण दाबायचं ते तिलाच शिकवून टाकलं.

लोक म्हणतील, तेव्हाच थांबायला हवं होतं. म्हणणाऱ्यांनी माझ्या घरातली ती सात वर्षं काढून बघावीत. याडी केसांना तेल लावू लागली. शेजारच्या हंसाबाईकडे जाऊन बसू लागली. एकदा तर तिने मला, तुझं लग्न कधी करायचं रे, असं विचारलं. एका गाण्यात दोन ताल रिकामे आहेत म्हणून माझी आई मला परत मिळत होती. मी देवाचे आभार मानले आणि त्या नाव नसलेल्या वाजवणाऱ्याचेही.

४

मार्चमध्ये मी सहज पाहिलं तर घरच्या सेटवर पाचव्या गाण्याची लांबी सहा मिनिटं चाळीस सेकंद दिसत होती. असल्या फायलींची लांबी सेट कधी कधी चुकीची दाखवतो, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा समजावलं आहे. तेच स्वतःला समजावलं. पण मी घड्याळ लावून बसलो, आणि सहा चाळीसच भरले. मोकळ्या जागा लांबल्या होत्या. याडीच्या ओळीही लांबल्या होत्या, आणि दोन्ही एकमेकांत चपखल बसत होत्या.

आणखी एक गोष्ट होती. त्या बाईचा आवाज आधी डाव्या स्पीकरमधून यायचा. आता तो दोन्हींच्या मधून येत होता, म्हणजे जिथे स्पीकर नाही अशा जागेवरून. यात नवल काही नाही. दोन्ही बाजूंना आवाज सारखा असला की कानाला तो मधून आल्यासारखा वाटतो, आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे. एवढंच की सगळं मध्ये आलं नव्हतं. बेस होता तिथेच होता, ड्रम होते तिथेच होते. ती बाई तेवढी सरकली होती.

एका दुपारी मी जेवायला घरी आलो. तांड्यात दहा वाजल्यापासून लाइट नव्हती, वाटेतली पिठाची गिरणीही बंद होती. अंगणात स्कूटर लावली आणि आतून ढावलो ऐकू आला. आधी तिचा. मग याडीचा. मग पुन्हा तिचा. बेस नव्हता, ड्रम नव्हते. मी चप्पल न काढताच आत गेलो.

याडी भिंतीशी एकटी बसली होती, पदर सारखा करत. सेटचा दिवा विझलेला होता.

"कोण होतं याडी?"

"ममता आली होती ना. आत्ताच गेली."

"कुठून गेली? मी तर अंगणातून आलो."

ती हसली. सात वर्षांत तिने ते नाव घेतलं नव्हतं, आणि आता असं घेतलं जणू ममता रोज येते. पुढ्यात दोन ताटल्या होत्या. एकीतली भाकरी संपलेली, दुसरीतली अर्धी. मांजर असावं, असं मी ठरवलं. आमच्या घराला मागचं दार नाही.

५

मी पेन ड्राइव्ह काढून नेला आणि दुकानाच्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवला. घरचा सेट खोलून गॅरेजमागच्या पत्र्याच्या खोलीत टाकला. खोटं कशाला बोलू, मलाही त्या गाण्यांवाचून करमेना. वूफर बसवताना दुसरी गाणी लावली की सगळं भरगच्च वाटायचं, कुठे थांबायलाच जागा नसायची.

याडीला मात्र कशाचीच उणीव नव्हती. सकाळी मी निघालो की ती दार लोटून घ्यायची. संध्याकाळी आलो की ताटल्या दोन. वाईट गोष्ट वेगळीच होती. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. रुसून नव्हे. मी हाक मारली की तिसऱ्या-चौथ्या वेळेला ती वळायची आणि, कोण बोललं बरं, अशा नजरेने माझ्याकडे पाहायची. जेव, आलास, झोप, यातला एकही शब्द मला मिळेना. मी तिला गमावत होतो आणि ती मजेत होती.

यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय झालं, एकटेपणा आहे, विसराळूपणाची सुरुवात आहे, गोळ्या देतो. मला विश्वास ठेवायचाच होता, मी ठेवला. फिरोजला सगळं सांगितलं, तो म्हणाला ते जास्त पटलं.

"गोळीनं काय व्हते? तिले पोरगी पायजे. पोरगी आणून दे. खरी आली का खोटी आपोआप जाईन."

"बापूंनी घातलेली आन हाय ना."

"बापू गेले अन् आन काहून ठेवली लेका? राजूर काय अमेरिकेत हाय का?"

नव्हतं. सात वर्षं मी गेलो नव्हतो, एवढंच. फिरोजची मोटारसायकल घेऊन मी वणीमार्गे राजूरला गेलो. दोन ठिकाणी विचारलं, तिसऱ्या ठिकाणी तिचं घर सापडलं. ममता शिलाई मशीनवर बसली होती. जरा जाड झाली होती, चष्मा लागला होता. मला पाहून ती उठली आणि मशीनला धरून उभी राहिली.

"याडी गेली का?" तिने पहिलं हेच विचारलं. सासरच्या सवयीने ती वऱ्हाडीतच बोलत होती, मग मीही.

"नाही. हाय. तुले न्यायले आलो."

चहा झाल्यावर मी विचारलं, "तू कधी ढावलो रेकॉर्ड केला होता का? कोणाच्या मोबाइलमधी, गाण्याबिण्यात?"

"मी कुठं गायले भाऊ? माह्या लग्नात गळ्यात पडायले होतं कोण?" असं म्हणून तिने मशीनवरचं कापड सरळ केलं. "याडीनं शिकवलता. सगळा पाठ हाय. घरात घेईन ना मले?"

"ढावलो धर दारात. मग कोण नाही म्हणन?"

हे मी मनापासून सांगितलं. आमच्या लोकांत याला उत्तर नाही असं होतच नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला आम्ही तांड्यात पोचलो. ऊन चांगलं तापलं होतं, गल्लीत कोणी नव्हतं. ममताने नवी साडी नेसली होती, डब्यात अनारसे आणले होते. अंगणात तिने डबा माझ्या हातात दिला, पदर डोक्यावर घेतला आणि दाराकडे तोंड करून ढावलो धरला.

माझ्या अंगावर काटा आला, पण चांगला. तिचा आवाज त्या गाण्यातल्या आवाजासारखा नव्हता, जाड होता, मध्येच फाटत होता. आई, तुझ्या दारातून मी न रडता गेले, आता सात वर्षांचं रडू घेऊन आले, असं काहीतरी ती जोडत होती. ओळ संपली. ती थांबली, उत्तराइतकी जागा ठेवून.

कोणी बाहेर आलं नाही.

हंसाबाई शेजारच्या ओट्यावर येऊन उभी राहिली, पण पुढे आली नाही. पहिला गळा आईचा असतो. ममताने दुसरी ओळ म्हटली, थांबली. तिसरी म्हटली. मला तिच्याकडे पाहवेना. मी पुढे होऊन लोटलेलं दार उघडलं.

याडी खोलीच्या मध्यावर आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिचे दोन्ही हात पुढे होते आणि एकमेकांना टेकले नव्हते. मध्ये एका माणसाइतकी जागा होती. उजव्या खांद्यावरचा पदर खोलगट दबला होता, आणि त्या खोलगट जागेभोवती ओल पसरत होती. पाठीवर पोलक्याचं कापड चार-पाच चुण्यांत गोळा झालं होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या चुण्या सुटल्या, आणि जरा वर, खांद्याजवळ, पुन्हा घट्ट गोळा झाल्या. खोलीत आवाज अजिबात नव्हता. एवढंच दिसलं. मी डोळे मिटले, आणि ते पुन्हा उघडण्याआधी मला बराच धीर गोळा करावा लागला.

"याडी," माझ्या मागून ममता म्हणाली. तिनेही पाहिलं होतं. "याडी, मी ममता."

याडीने मान वळवली. चेहरा शांत होता, तृप्त होता. तिचा डावा हात त्या मोकळ्या जागेच्या पाठीवर हळूहळू थोपटत होता. तिने ममताला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि आपल्या बोलीत नाही, बाहेरच्या माणसांशी बोलते त्या वऱ्हाडीत म्हणाली, "कोणाची व तू, बाई? उन्हातून आली. पाणी घेशीन का?"

ममताने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी करेन असं तिला वाटलं असावं. मी सात वर्षांत तिच्यासाठी काही केलं नव्हतं. मी माठातून तांब्या भरून तिच्या हातात दिला. ती उंबऱ्याबाहेर उभ्यानेच दोन घोट प्याली. तांब्या तिने उंबऱ्यावर ठेवला.

"मी निघू का, बाई?" तिने विचारलं.

"निघ," याडी म्हणाली. "अन् रडू नको अशी लोकाच्या दारात. तुही माय वाट पाहत असन."